अर्धा खाल्लेला पेरू

उस्मानपुऱ्यातले अभय पेंटर गेली तीस वर्षं मेलेल्या माणसांची चित्रं काढत आले होते, आणि तीही फोटोवरून. गिऱ्हाईक आधार कार्डावरचा फोटो आणायचं आणि वर फर्माईश करायचं: डाग काढा, गाल जरा भरा, दात सरळ करा. अभय सगळं करून द्यायचे. समोर ठेवलेली खरी वस्तू बघून त्यांनी कधी साधा तांब्याही रंगवला नव्हता. बायको, विशाखा, यावरून त्यांना छेडायची, "तुमचं समदं मेकअपचं काम!"

सोमवारी दुपारी तिखटमीठ लावून पेरू खाता खाताच ती गेली. छातीत कळ आली म्हणाली, बशी खिडकीत ठेवली, आणि खाली बसली ती उठलीच नाही.

मंगळवारी सगळं उरकून अभय घरी आले, तेव्हा बशी तिथंच होती. अर्ध्या पेरूवर तिच्या दातांची खूण होती. तेवढीच काय ती विशाखा आता घरात उरली होती, आणि तीही तासागणिक काळी पडत चाललेली. त्यांनी बशीवर जाळी घातली आणि कुणाला हात लावू दिला नाही.

बुधवारी ते रंग घेऊन खिडकीसमोर बसले. पेरू नासायच्या आत तो चावा कागदावर उतरवायचाच, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. पण खरी वस्तू फोटोसारखी गुमान बसत नाही. ऊन सरकलं की सावली पळायची, डोळे भरले की पेरूच दिसेनासा व्हायचा. हात मात्र सराईत, तो आपला चालत राहिला. दिवेलागणीला "झालं" म्हणाले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा झोपले.

सकाळी उठले तेव्हा घंटागाडी येऊन गेली होती. चितेगावहून आलेली लेक, श्रेया, बशी घासून पालथी घालत होती.

"पप्पा, पेरू लई नासला होता, मुंग्या लागल्या होत्या. चित्र झालं म्हणलात ना, म्हणून टाकला."

"बरं केलंस," ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटलं. चित्र होतं ना.

श्रेया चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली.

"लई भारी काढलंय. पण पप्पा, मम्मीचा पुढचा दात वाकडा होता ना?"

अभय जवळ गेले. चावा अगदी सरळ, एकसारखा, दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर शोभेल असा. कुणी सांगितलं नसताना हातानं नेहमीचं काम चोख केलं होतं.

त्यांनी ब्रश उचलला. "डावा होता की उजवा?"

"डावा... नाय, थांबा. उजवा असंल."

एवढ्या वर्षांचा संसार, आणि त्यांनाही सांगता येईना. त्यांची त्यांनाच लाज वाटली, आणि ती लाज दुःखापेक्षा जड होती. श्रेयानं मोबाइल काढला. लग्नं, बारशी, वाढदिवस, शंभरेक फोटो दोघांनी बोटांनी मोठे करकरून पाहिले. प्रत्येक फोटोत विशाखा ओठ घट्ट मिटून हसत होती.

"मम्मी अशी का हसायची ओ?"

अभयनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"मीच सांगायचो," ते म्हणाले. "तोंड मिटून हस, फोटो चांगला येतो."