पाखाडीचा फोटो

फ्लेक्सवर कुणाचं तोंड केवढं, यावरून कोकणात जेवढी भांडणं झाली असतील, तेवढी बांधावरूनही झाली नसतील. रेणुकाला हे कुणी सांगायला नको होतं. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या रस्त्याला फ्लेक्स छापायच्या दुकानात ती दिवसभर तेच तर करायची. कुणाचं टक्कल झाक, कुणाचा घाम पूस, कुणाला साहेबांच्या शेजारी नेऊन उभं कर. पण या खेपेचा फ्लेक्स तिच्या स्वतःच्या गावाचा होता, आणि तिचं डोकं सणकलं होतं.

गाव राजापूरच्या वाटेवर, हमरस्ता सोडून आत. बौद्धवाडीतला नवा विहार बांधून झाला होता, रविवारी उद्घाटन. वाडी आहे वर सड्याच्या माळाला लागून, आणि ट्रक येतो खाली वहाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत. मधे पाखाडी, दगडी पायऱ्यांची उभी चढण. विहाराचा चिरा न् चिरा त्या पाखाडीवरून वाडीतल्या बायकांनी डोक्यावर वाहिला होता. जांभ्या दगडाचा ओला चिरा डोक्यावर घेऊन बघा एकदा, मान खांद्यात जाते. आणि पुरुष कुठे होते म्हणाल, तर निम्मे मुंबईला नि उरलेले लोकांच्या बागा राखायला.

सुट्टीला गेलेली असताना रेणुकाने त्या रांगेचा एक फोटो काढला होता. सगळ्यांत पुढे येसूआत्या, तिच्या वडिलांची बहीण. कासोटा मारलेला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चिरा, आणि डोळे थेट मोबाइलवर रोखलेले. हसतबिसत नव्हती ती. ओरडत होती, "फोटू काय काडतेस गो? हात लाव!"

हाच फोटो फ्लेक्सवर मोठा लागला पाहिजे, असं रेणुकाने मनाशी घेतलं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

फ्लेक्स छापायचा रत्नागिरीत, पण मांडायचा मुंबईत. वाडीच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष सहदेवकाका, त्यांचाच तसा हुकूम. मांडणारा राकेश, वाडीतल्या गोदूबाईचा मुलगा, डोंबिवलीला राहून हीच कामं करायचा. रेणुकाने तिच्या प्रोग्राममध्ये फोटो साफ करायचे आणि ड्राइव्हवरच्या सामायिक फोल्डरात टाकायचे. राकेशच्या प्रोग्राममध्ये फ्लेक्सच्या चौकटी त्या फाइलींना जोडलेल्या. इकडे रेणुकाने एखादा फोटो सुधारून त्याच नावाने ठेवला, की तिकडे राकेशच्या चौकटीत तो आपसूक बदलायचा. सोय मोठी छान होती.

पहिल्या मांडणीत पाखाडीचा फोटो अर्धा फ्लेक्स भरून होता. रेणुका खूश. दुसरीत त्याची पट्टी झाली, कारण खाली उपाध्यक्ष आले. तिसरीत सल्लागार आले, सहसचिव आले, माजी सहसचिव आले, आणि फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला. येसूआत्याचा चिरा दिसत होता, आत्या नाही.

रेणुकाने सरळ काकांना फोन लावला.

"अगं, फोटो छानच आहे," काका म्हणाले. "पण कार्यकारिणीला जागा नको? पैसा आम्ही उभा केलाय. रविवार रविवार चाळी चढलोय मी, या गुडघ्यांनी."

ते खोटं नव्हतं, आणि रेणुकाला ते ठाऊक होतं. "पैसा तुम्ही आणलात काका. चिरे कुणी आणले?"

"ते काय लपून आहे? सगळ्यांना माहीत आहे."

"मग फ्लेक्सला का माहीत नको?"

"तू लहान आहेस. फ्लेक्सवर पदाधिकारी असतात. रीत असते ती."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती काकांचेच केस काळे करत बसली होती, स्क्रीनवर हो, आणि बघता बघता फोल्डरातून पाखाडीचा फोटो नाहीसा झाला. काकांच्या मोबाइलवर तेच फोल्डर होतं. 'उगाच जागा खातोय' म्हणून त्यांनी तो उडवला होता. तिथून उडाला म्हणजे सगळीकडूनच उडाला. राकेशच्या मांडणीत त्या जागी रिकामी चौकट, आणि तासाभरात त्या चौकटीत आणखी एक सल्लागार.

"आग लागो तुमच्या रीतीला!" रेणुका एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की काउंटरवरचं गिऱ्हाईक दचकलं. ड्राइव्हच्या कचरापेटीतून तिने फोटो परत ओढून काढला. पण परत ठेवला तर परत उडवतील. आणि आत्याने काय हात जोडून त्यांच्याकडे जागा मागायची? मुळीच नाही.

सकाळच्या एस्टीने ती गावाला गेली. विहाराच्या भिंतीशी तिने एकेका बाईला उभं केलं आणि पदाधिकाऱ्यांचे असतात तसे समोरून, छातीपर्यंत फोटो काढले.

"आता ह्यो कसला फोटू?" येसूआत्या म्हणाली. "मी मेल्यावर भिंतीला लावायचा काय?"

"जित्तेपणीच लावायचाय आत्ये. वर बघ."

गोदूबाई लंगडत आली. पावसात चिरा पायावर पडला होता, अंगठ्याचं नख काळं पडून निघालं होतं. "राकेसला नको सांगू हां," ती म्हणाली. "त्याला मी ठेच लागली म्हणून सांगितलंय."

दुकानात परतल्यावर रेणुकाने पदाधिकाऱ्यांचे फोटो नीट वेगळ्या फोल्डरात ठेवले. फेकणाऱ्यातली नव्हती ती. मग बायकांचे फोटो त्याच जुन्या नावांनी सामायिक फोल्डरात टाकले. 'अध्यक्ष' नावाच्या फाइलीत येसूआत्या, 'खजिनदार'मध्ये गोदूबाई, सल्लागारांच्या जागी उरलेली सगळी रांग. आणि चोरून नाही, मंडळाच्या ग्रुपवर स्वतः लिहिलं: "फोटो मी बदललेत. परत बदलायचे असतील तर जरूर सांगा. फक्त कुठल्या बाईचा काढू, ते नाव घेऊन सांगा. रेणुका."

ग्रुपवर सुप्रभात घालणारे शंभर, पण त्या दिवशी एकाचंही बोट हललं नाही.

संध्याकाळी राकेशचा फोन. "रेणुका, काय केलंस हे? प्रोग्रामने विचारलं, फोटो बदललेत, ताजे घेऊ का? मी सवयीनं हो म्हटलं. काकांच्या नावावर येसूआत्या बसलीय! काका म्हणतायत, आत्ताच्या आत्ता जुने लाव."

"लाव की. एका बटणाचं काम आहे. खजिनदारापासून सुरू कर."

"खजिनदार म्हणजे... आमची आई," राकेश म्हणाला.

"तिचा पाय बघितलास का रे राकेशदादा? ठेच नाही ती. चिरा पडलाय. तुला सांगू नको म्हणाली होती, पण मी सांगणार."

तो खाकरून म्हणाला, "पाखाडीचा मोठा फोटो आहे ना तुझ्याकडे? टाक फोल्डरात. आणि सगळ्यांची नावं पाठव. पूर्ण नावं."

"आणि काका?"

"काकांना मी सांगतो, होणार नाही म्हणून."

रविवारी पाखाडीच्या पायथ्याशी फ्लेक्स लागला. वर अख्खी पाखाडी, खाली एकेक बाई, प्रत्येकीखाली तिचं नाव. अगदी तळाशी एक ओळ: निधी संकलन, मुंबई मंडळ. सहदेवकाका पांढऱ्या सफारीत गाडीतून उतरले, आणि फ्लेक्सपुढे उभे राहिले ते राहिलेच. मागे सगळी कार्यकारिणी आणि राकेश.

"जयभीम काका," रेणुका म्हणाली.

"जयभीम. माझा फोटो कुठाय?"

"आहे ना. केस काळे करून जपून ठेवलाय."

कुणीतरी फिसकन हसलं. काकांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात येसूआत्या पुढे आली. वहाळाकडेला उरलेल्या चिऱ्यांचा ढीग होता, त्याकडे तिने हात केला.

"फोटूच पायजे ना सहदेवा? विहारापुढच्या वट्याला चार चिरे कमी पडतायत. उचल एक नि चल वर. रेणू काडील फोटू. नंतर फ्लेक्स आमी बदलू, नाय कोण म्हणतंय?"

सगळे बघत होते. काकांनी ढिगाकडे बघितलं, पाखाडीकडे बघितलं, मग खिशातला मोबाइल आणि चष्मा काढून राकेशच्या हातात दिला. चिरा त्यांनी डोक्यावर नाही, पोटाशी घेतला. सफारीवर लाल माती उमटली. दहाएक पायऱ्या चढले असतील, मग गुडघे थरथरायला लागले, तोंडावरून घाम निथळायला लागला. रेणुका वरच्या पायरीवर मोबाइल धरून उभी होती.

काकांनी मान वर केली. तीस वर्षांची मुंबई कुठल्या कुठे गेली आणि ते ओरडले, "फोटू काय काडतेस गो? हात लाव!"