पाठकोरा दाखला

मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ही इस्त्रीची कोणी लांबची नातलग असावी. तोंडाला लांबट फट, पोटात ऊब, अंगावर एक लाल दिवा आणि एक हिरवा. मित्रांनो, मी लॅमिनेशनची मशीन आहे. वय वर्षं सोळा. माणसांत हे वय दहावीचं असतं, आमच्यात पेन्शनीचं. जुईनगर स्टेशनपासून पाच मिनिटांवर सुमित्राबाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या काउंटरच्या डाव्या कोपऱ्यात, स्टेपलरच्या शेजारी माझी जागा.

माझा जन्म तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. पोटात चार रबरी रूळ बसवले, तापायला एक कांडी दिली आणि परीक्षा म्हणून कॅलेंडरचं एक पान माझ्या तोंडात सरकवलं. ते दुसऱ्या बाजूने गुळगुळीत होऊन बाहेर आलं तेव्हा तपासणारा माणूस म्हणाला, "हिला पाठवा." एवढीच माझी शाळा. मला वाटलं, जगात शिकण्यासारखं जे काही होतं ते मी शिकले.

सुमित्राबाई इथल्याच, खाडीकाठच्या गावच्या. त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती तिथे आता इमारती आहेत, आणि त्यातल्याच एका इमारतीच्या तळमजल्यावरचा हा गाळा त्यांच्या वाट्याला आला. दुकानाचा नारळ फुटला त्या दिवशी त्यांनी सगळ्यात आधी मला एक पिवळट कागद दिला. त्या शेताचा जुना सातबारा होता तो. "याच्यावर आता कोनी काय लिवनार नाय," त्या म्हणाल्या, "टाक बंद करून." मी तो बंद केला. अजून तो गणपतीच्या तसबिरीखाली लटकतो आहे. त्यांचं ते वाक्य मी ऐकलं, पण त्यात काही शिकवण आहे हे मला कळलं नाही. कळायला बरीच वर्षं लागली, आणि एका मुलीला रडावं लागलं.

सुरुवातीची दहा वर्षं माझी चंगळ होती. रेशन कार्डं आली, जन्माचे दाखले आले, 'लिफ्ट बंद आहे' अशी सोसायटीची पाटी आली. ती पाटी इतकी टिकली की लिफ्ट दुरुस्त झाली, पुन्हा बिघडली, तरी तीच चालली. एका बाईंनी सासूबाईंच्या हातची कोलंबीच्या लोणच्याची कृती आणली, वर हळदीच्या डागांसकट. जून महिन्यात तर गुणपत्रिकांची रांग लागायची. पालक माझ्यातून बाहेर आलेला गरम कागद हातात घ्यायचे, नखाने टिचकी मारून पाहायचे आणि म्हणायचे, "आता टेन्शन नाही." हे शब्द ऐकले की माझा हिरवा दिवा उगाचच जास्त पेटल्यासारखा मला वाटायचा. मला गर्व झाला होता, मित्रांनो. सरळ सांगते.

मग लोकांचे कागद मोबाईलमध्ये राहायला गेले. कार्डं कारखान्यातूनच प्लास्टिकची यायला लागली. माझ्या डोक्यावर आधी गोंदाची बाटली आली, मग मनी प्लँटचं रोपटं. आठवड्यातून दोनदा माझं बटण दाबलं गेलं तर नशीब. शेजारची झेरॉक्स मशीन दिवसभर खडखडत असायची आणि मी आपली रोपट्याची पानं मोजत असायचे.

अशा दिवसांत, गेल्या वर्षी जुलैमध्ये, सुधीर जाधव दुकानात आले. तासगावकडचा माणूस. नोकरीत बदली होऊन वाशीच्या ऑफिसात रुजू झालेला, सानपाड्याला नवं घर घेतलेलं. त्यांच्या हातात पाच कागद होते आणि एकाचा कोपरा भिजून वाळलेला होता. सामानाच्या टेम्पोत पाण्याची बाटली सांडली होती म्हणे.

"मुलीची कागदपत्रं आहेत बघा," ते म्हणाले. "दोन वर्षं तिकडच्या कॉलेजात झाली, आता तिसऱ्या वर्षाला इथं ॲडमिशन. थोडक्यात वाचलीत. सगळी करून टाका की."

"सगली?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"सगळी. तिला सांगितलेलं नाही. खूश होईल."

रोपटं खाली उतरलं. मी तापले. चार सत्रांच्या चार गुणपत्रिका आणि एक स्थलांतर दाखला. दाखल्याच्या पुढच्या बाजूला कॉलेजचा गोल शिक्का होता, मागच्या बाजूला नुसते रिकामे चौकोन. म्हणजे जवळजवळ पाठकोराच. मी तो पाहिला, नाही असं नाही. मनात म्हटलं, मागे काही नाहीच तर जपायचं काय, आणि घेतला आत. सुधीररावांनी पाचही कागदांवर टिचकी मारली आणि तेच म्हणाले, "आता टेन्शन नाही." त्या दिवशी माझ्याइतकं सुखी कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. दुपारी बापलेक दोघं दुकानात आली. मुलगी उंच, चष्म्यातली, पाठीला सॅक. हीच श्रुती. तिने ते पाच कागद काउंटरवर ठेवले. डोळे लाल होते. सुधीरराव भिंतीकडे बघत होते.

हकिकत अशी की श्रुतीचं तिकडचं विद्यापीठ वेगळं, इकडचं वेगळं. तिसऱ्या वर्षात बसायला इकडे अठ्ठ्याऐंशी क्रेडिट लागतात. श्रुतीचे चौऱ्याऐंशी धरले गेले. तिने गांडूळखतावर एक क्षेत्रकार्य केलं होतं, चार क्रेडिटचं. ते इथल्या समितीने मान्य केलं की झाले अठ्ठ्याऐंशी. पण समितीने आपला शेरा लिहून सही-शिक्का मारायचा तो स्थलांतर दाखल्याच्या मागच्या बाजूला. त्याच रिकाम्या चौकोनांत.

"कॉलेजच्या ऑफिसात शिक्का मारून बघितला," श्रुती म्हणाली. "बोटाने पुसला गेला, मावशी. तिथले नामदेवसर म्हणाले, लॅमिनेशन केलेला दाखला चालणार नाही, नवीन आणा. जुन्या कॉलेजात फोन केला तर नवीनला पंधरा दिवस. इथली शेवटची तारीख शुक्रवार."

"आनि शुक्रवार गेला तर?"

"तर पुन्हा दुसऱ्या वर्षात बसायचं. वर्ष गेलं."

मित्रांनो, एका वर्षाची किंमत माझ्यासारख्या वस्तूला काय कळणार, असं तुम्हाला वाटेल. पण मी त्या मुलीचा चेहरा बघत होते. तिचं वर्ष माझ्या पोटातून गेलं होतं.

सुधीरराव हळूच म्हणाले, "गरम करून सोलता नाही येत? पुन्हा मशीनमधून काढून?"

सुमित्राबाईंनी रद्दीतला एक कागद आधी बंद केला, मग पुन्हा तापवून सोलायला घेतला. प्लास्टिकबरोबर अक्षरं निघून आली आणि हातात पांढरा चोथा उरला. त्यांनी तो सुधीररावांना दाखवला. मला बंद करता येतं, उघडता येत नाही. इतकी वर्षं ही गोष्ट मी मोठेपणाची समजत होते.

"माझंच चुकलं," सुधीरराव म्हणाले. "विचारायला हवं होतं तुला."

"पप्पा, तुम्हाला तरी काय माहीत. मी स्वतःच नियम वाचले नव्हते. सीनियर मुलं सांगतील तसं करत गेले."

सुमित्राबाईंनी स्टूल पुढे ढकललं. "मंग आता वाच की गो. कॉलेजचं पुस्तक मोबाईलमंदी हाय ना? पाठव मना. कागदावर काढतंय. मोबाईलवर नियम वाचून कोनाला कलले हायेत?"

शेजारच्या झेरॉक्स मशीनने चौतीस पानं खडखडवली. श्रुती पेन्सिल घेऊन बसली. मी आयुष्यभर कागद गिळले, पण कागद वाचणारं माणूस इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. ती आधी घाईने वाचत होती, मग हळू, मग ओठ हलवत. क्रेडिट म्हणजे मार्क नव्हेत, हे तिला चौथ्या पानावर कळलं. प्रत्यक्ष कामाचे तीस तास म्हणजे एक क्रेडिट. चार क्रेडिट म्हणजे एकशे वीस तास, आणि ते केल्याची नोंद दाखवावी लागते. एकविसाव्या पानावर तिची पेन्सिल थांबली.

"पप्पा, हे ऐका. दाखल्याची मागची बाजू वापरण्याजोगी नसेल तर शेरा साक्षांकित प्रतीवर लिहिता येतो. आधीच्या कॉलेजने तो दाखला आपणच दिल्याचं लेखी कळवलं पाहिजे, एवढंच."

"कुठाय?" सुधीररावांनी चष्मा काढून पुन्हा लावला.

जुन्या कॉलेजातल्या सगुणा मॅडमना लगेच फोन गेला. त्यांचा आवाज मोबाईलमधून माझ्यापर्यंत पोचला. "लॅमिनेशन करू नका म्हणून मी दरवर्षी पोरांच्या कानीकपाळी ओरडते. पोरं ऐकतात, आईबाप ऐकत नाहीत. दाखल्याचा नंबर वाच." नंबर लख्ख दिसत होता. निदान तेवढं काम तरी मी नीट केलं होतं. पत्र गुरुवारी ईमेलने आलं आणि आमच्याच दुकानात छापलं गेलं.

राहिली तासांची नोंद. त्याच दिवशी श्रुतीने सॅकमधून क्षेत्रकार्याची वही काढली. अशी वही मी कधी पाहिली नव्हती, म्हणजे पाहायची माझी इच्छाही नसती. मातीचे डाग, ओलीने फुगलेली पानं, एका पानावर चिकटून वाळलेलं गवत. रोज किती वाजता खड्ड्याकडे गेली, किती पाणी शिंपडलं, गांडुळं वर आली की खाली गेली, सगळं लिहिलेलं. एका पानावर मात्र अक्षर वेगळं होतं, मोठं आणि तिरकं: 'आज श्रुतीला ताप. पाणी मी घातले. दोन तास बसलो. गांडुळे ठीक वाटतात. सुधीर.'

श्रुती आणि सुमित्राबाईंनी तास मोजले. एकशे चोवीस भरले.

"यातले दोन पप्पांचे आहेत," श्रुती म्हणाली.

"मंग काढ ते. आपल्याला खोटं नको."

"ते पान फाडून टाकू का?" सुधीररावांनी विचारलं. त्यांना आता स्वतःच्या सहीचीही भीती वाटायला लागली होती.

"पप्पा, कशालाच हात लावू नका," श्रुती म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

शुक्रवारी दुपारी दोघं पेढे घेऊनच आली. समितीतल्या बाईंनी वही पानापानाने उलटली होती. सुधीररावांच्या पानापाशी त्या थांबल्या, पुन्हा वाचलं आणि हसल्या. "वडिलांचे दोन तास वजा करा," त्या म्हणाल्या, "पण ज्या वहीत बाप गांडुळांची खुशाली लिहितो ती मागाहून रचलेली नाही." एकशे बावीस तास मान्य. शेरा प्रतीवर लिहिला गेला, शिक्का बसला, पुसला गेला नाही. नामदेवसरांनी एकविसाव्या पानाची एक प्रत स्वतःसाठी ठेवून घेतली. वीस वर्षांच्या नोकरीत तो नियम कोणी वाचून आणला नव्हता, असं त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं.

त्या संध्याकाळी मी खूप विचार केला. ती वही माझ्या हाती लागली असती तर मी पान न् पान चकचकीत केलं असतं. मग ती टिकली असती, पण तिच्यात पुढचा शेरा उमटला नसता. ज्या कागदाचं काम अजून व्हायचं आहे त्याला उघडं राहू द्यावं लागतं. त्याला डाग पडतील, घड्या पडतील, पडू द्याव्यात. जपणं म्हणजे बंद करणं, एवढंच मी कारखान्यातून शिकून आले होते आणि पंधरा वर्षं त्यावर मिजास मारली.

सुमित्राबाईंनी दुसऱ्याच दिवशी एक पाटी लिहिली: 'मूळ कागद देण्याआधी त्याची पाठ बघा. त्यावर अजून कोणी लिहिणार आहे का, विचारा.' ती पाटी माझ्याकडूनच बंद करून घेतली आणि माझ्याच डोक्यावर टांगली. रोपट्यापेक्षा बरी. आता काही गिऱ्हाईकं ती वाचून कागद परत नेतात. माझा धंदा थोडा बसला, पण झोप चांगली लागते.

यंदा जूनमध्ये श्रुती पुन्हा आली. तिसरं वर्ष पहिल्या श्रेणीत पार पडलं होतं. सुधीररावही मागे होते, हात मुद्दाम पाठीशी बांधून. गुणपत्रिका बघून मी आपोआप तापायला लागले, खोड जात नाही. श्रुतीने ती सुमित्राबाईंना दाखवली आणि लगेच साध्या फाईलमध्ये ठेवली. "ही नाही, मावशी. एम.एस्सी.ला लागेल."

मग तिने त्याच फाईलमधून एक सुटं पान काढलं. वहीची शिवण उसवून ते निघून आलं होतं. मातीचे डाग, मोठं तिरकं अक्षर. सुधीरराव पुढे वाकले आणि त्यांनी आपलं अक्षर ओळखलं. 

सुमित्राबाईंनी सवयीने पान उलटून पाहिलं. पाठ कोरी होती. "याच्यावर कोन लिवनार हाय का गो अजून?"

"नाही, मावशी," श्रुती म्हणाली. "हे पूर्ण झालंय."

मित्रांनो, मी ते पान फार हळू घेतलं. कित्येक वर्षांत इतकी सावकाश मी चालले नव्हते. तुम्हीही माझ्याकडे याल तेव्हा आधी कागदाची पाठ बघा, मग या. मी वाट बघेन, मला आता घाई नाही. पान गरमागरम बाहेर आलं. श्रुतीने ते वडिलांच्या हातात दिलं, आणि या वेळी टिचकी मारायचं ते विसरले.