एडक्यांचा अडवणारा

दर वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या मांगाटेरे गावच्या हॉलमध्ये जुन्या स्टॉक गाड्यांचं प्रदर्शन भरतं. रीत अशी की ज्याने गाडी चालवली त्याने तिच्याशेजारी उभं राहायचं, आणि तो गेला असेल तर त्याच्या बायकोने किंवा मुलांनी. माझी गाडी उरलेलीच नाही, म्हणून मी चहाच्या टेबलाशी उभा असतो. तिचा पुढचा बंपर आमच्या मेंढ्यांच्या कोंडवाड्याला आडणा म्हणून लावलाय आणि दारांचे पत्रे कोंबड्यांच्या खुराड्यावर ठोकलेत. अडवणाऱ्याची गाडी कोण जपून ठेवतो?

हे अडवणं काय, ते आधी सांगून टाकतो. आमच्याकडे स्टॉक गाड्यांच्या शर्यतीत धडक मारणं हा गुन्हा नाही, ते कामच आहे. संघांच्या शर्यतीत एका बाजूला चार गाड्या. त्यांतल्या एकदोन जिंकण्यासाठी पळतात, आणि बाकीच्या समोरच्या संघाच्या पळणाऱ्यांना गाठून ठोकतात, फिरवतात, कठड्यावर चढवतात. आमच्या संघाचं नाव ‘एडके’. एडक्यांचा पळणारा होता मातियू काराका आणि अडवणारा मी, सेल्विन गजन. अकरा वर्षं तो कप उचलत होता आणि मी मान चोळत गाडीखाली शिरत होतो. मला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण रविवारी सकाळी मातियू शिंपल्यांनी भरलेली बादली घेऊन दारात उभा राहायचा आणि ओरडायचा, “ऊठ रे होआ, मेलास का जगलास ते बघायला आलोय!” होआ म्हणजे मातियूच्या लोकांच्या भाषेत मित्र. मग आम्ही दोघं दुपारपर्यंत माझी गाडी ठोकून सरळ करायचो. त्याच्या गाडीला सरळ करण्यासारखं काही नसायचंच, कारण तिच्या वाटचं सगळं मी खाल्लेलं असायचं.

तेव्हाचं प्रदर्शन असं म्हाताऱ्यांचं नव्हतं. ऑक्टोबरात, मोसमाच्या पहिल्या शर्यतीच्या आदल्या शनिवारी, मोठा रस्ता बंद करायचे आणि खाटकाच्या दुकानापासून बँकेपर्यंत सगळ्या गाड्या ओळीने लावायचे. नवा रंग, नवे आकडे, आरशासारखे पत्रे. वर्षातून तेवढा एकच दिवस त्या देखण्या असायच्या. लोक त्यांच्या मडगार्डवरून हात फिरवत जायचे, कारण पुढच्या शनिवारी ते मडगार्ड चेपलेलं असणार हे सगळ्यांना माहीत असायचं. माझ्या गाडीपाशी थांबून बायका म्हणायच्या, “अगं बाई, किती छान रंगवलीय, आणि आठ दिवसांत हा मेला तिचं काय करणार!” मी छाती फुगवून उभा. माझी बायको कॉलीन घरी भाजलेले स्कोन, ते छोटे गोडसर पाव, विकायची आणि अकराच्या आत परात रिकामी व्हायची.

मला तो दिवस हवाय. सरळ सांगतो, या वयात मला दुसरं काही नको. ओल्या मातीचा, जळालेल्या टायरचा आणि तव्यावरच्या कांद्याचा वास एकत्र नाकात शिरावा, आम्ही दोघं राबायचो त्या मटणाच्या कारखान्यातली सहाशे माणसं बाकांवर पाय आपटत असावीत, आणि कोपऱ्यावरून मातियूची लाल सतरा नंबर तिरकी होत यावी. आता कारखाना नाही, ट्रॅकही नाही. तिथे घरं झालीत. दुसऱ्या वळणाच्या जागी कुणाचीतरी कपडे वाळवायची दोरी आहे. पत्र टाकायचं निमित्त करून मी त्या गल्लीतून जातो, हे कॉलीनला माहीत आहे.

गावाला मी आठवतो तो एकाच गोष्टीसाठी. शहाऐंशी सालच्या ईस्टरचा शनिवार, संघांची शेवटची शर्यत, अंतिम फेरी. शेवटच्या चकरेला मातियू सगळ्यांच्या पुढे होता आणि त्याच्या मागे समोरच्यांची निळी गाडी. मी दुसऱ्या वळणावर दबा धरून उभा होतो. लाल गाडी जाऊ द्यायची आणि निळीला हाणायचं, एवढंच काम. मी लालला हाणलं. मातियू कठड्यावर गेला, त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, निळी गाडी सुसाट निघून गेली आणि एडके हरले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

मला गाडीतून ओढून काढलं तोवर पंचांनी वहीत लिहूनही टाकलं होतं : सूर्य डोळ्यावर आला, चालकाचा दोष नाही. तेव्हापासून गावाला कायमचा विनोद मिळाला. अडतीस वर्षं झाली, पण प्रदर्शनात माइकवर बोलणारा बार्नी मला सोडत नाही. “मंडळी, चहाच्या टेबलापाशी आपले सेल्विन उभे आहेत. कुणीतरी तो पडदा ओढा हो, बिचाऱ्यांना ऊन लागतंय!” आणि सगळा हॉल हसतो. मीही हसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कारण त्या दिवशी ऊन नव्हतंच. सकाळपासून आभाळ भरून आलेलं होतं आणि दुपारपासून भुरभुर चालू होती. ट्रॅकवर पाणी मारायची गाडीसुद्धा त्या दिवशी काढली नव्हती. पण हवामान कुणाच्या लक्षात राहतं? लोकांच्या लक्षात किस्सा राहतो. मला लाल गाडी स्वच्छ दिसली होती. सतरा आकडा दिसला होता, आतलं त्याचं पांढरं हेल्मेट दिसलं होतं, आणि मी पाय दाबला.

त्याच्या आदल्या सोमवारी कारखाना बंद होणार अशी पाटी लागली होती. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मातियू मला म्हणाला, “मला समुद्रापलीकडे क्वीन्सलँडला खाणीत काम मिळतंय. शनिवारी जिंकलो की सुटलो, मग इथे राहिलंय काय?”

मी विचारलं, “आणि हरलो तर?”

“हरलो तर अजून एक मोसम. हरून कोण गाव सोडतो?” असं म्हणून तो हसला आणि माझ्या डब्यातलं अर्धं सँडविच उचलून चालता झाला.

मी आठवडाभर मूग गिळून बसलो आणि शनिवारी त्याला ठोकलं. तीन आठवड्यांनी तो हात गळ्यातल्या झोळीत अडकवून बायकापोरांसह विमानात बसला. नंतर दर नाताळला त्याचं कार्ड यायचं. एकदा तो आईच्या अंत्यविधीला आला होता. तेव्हा मी मेंढ्या कातरायचं निमित्त करून डोंगरावर जाऊन बसलो. तोंड दाखवायला जागा नव्हती.

या वर्षी जुलैत ब्रॉनविन घरी आली. ही आमच्या संघाच्या मॅनेजरची मुलगी, वेल्डिंगचं काम करते. मातियूची सतरा नंबर तिला कुणाच्यातरी गवताच्या कोठारात सापडली आणि तीन वर्षं खपून तिने ती उभी केली.

“सेल्विनकाका,” ती म्हणाली, “प्रदर्शनाला मातियूकाका येतायत. शुक्रवारी येणार, रविवारी जाणार. त्यांच्या किडन्या गेल्यात, आठवड्यातून तीनदा मशीनवर बसावं लागतं. डॉक्टर नको म्हणत होते, पण ऐकतायत कुठे?”

“अस्सं,” मी म्हणालो.

“अस्सं काय? या वेळी डोंगरावर पळायचं नाही हं. मी कॉलीनकाकूंना सांगून ठेवलंय, गाडीची किल्ली लपवा म्हणून.”

पुढचे दोन महिने मला धड झोप आली नाही. ठरवलं होतं की या वेळी सांगून टाकायचं. तो मेला, किंवा मी मेलो, तर माझ्या नावावर एक खोटा सूर्य तेवढा राहणार. आणि तो तोंडावर थुंकला तर थुंकला. पण मग वाटायचं, तो थुंकला तर नाताळचं कार्डसुद्धा येणार नाही. माझ्याकडे त्याचं तेवढंच उरलं होतं.

शनिवारी हॉलमध्ये मी त्याला ओळखलंच नाही. हा धिप्पाड गडी, बीअरचं पिंप एका खांद्यावर नेणारा, आता काठी टेकत आला, कोट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. तो सतरा नंबरच्या भोवती एक चक्कर मारून थांबला आणि ब्रॉनविनला म्हणाला, “पोरी, गाडी फार सुंदर केलीस. एवढी सुंदर ती कधीच नव्हती.” मग त्याने सगळ्या हॉलवरून नजर फिरवली. मी किटली उचलून कपात ओतायला लागलो. कप भरला, बशी भरली, टेबलावर चहा पसरला.

“ए होआ,” माझ्या कानाशी आवाज आला. “मला एवढाच चहा पुरे. दिवसाला मोजून चार कप पाणी मिळतं मला.”

बार्नीने माइकवर पडद्याचं सुरू केलंच. मातियू सगळ्यांबरोबर हसला, आणि मग म्हणाला, “इथे फार कालवा आहे, बाहेर चल.”

हॉलच्या मागे मेंढ्या भादरायच्या स्पर्धेचा लाकडी ओटा आहे, तिथे आम्ही बसलो. मी त्याच्यासाठी खिम्याची पाय, म्हणजे आमच्याकडची भाजलेली कचोरीच, आणली होती. त्याला मीठ चालत नाही म्हणून ती मलाच खावी लागली, आणि तोंडात घास असतानाच माझं बोलणं सुरू झालं. नाहीतर मी बोललोच नसतो.

“मातियू, त्या दिवशी ऊन नव्हतं.”

“नव्हतंच. पाऊस होता.”

मी चावायचा थांबलो. “तुला आठवतंय?”

“माझं हाड मोडलं होतं रे, डोकं नव्हतं मोडलं. रुग्णवाहिकेत उताणा पडलो होतो आणि पंच विचारायला आला, हे काय झालं म्हणून. म्हटलं, लिहा, सूर्य डोळ्यावर आला. तो बाहेर बघतो, माझ्याकडे बघतो. छत्री होती त्याच्या हातात! म्हटलं, साहेब, लिहा म्हणतो ना. नाहीतर तुला जन्मभर बंदी घातली असती.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“माझ्याकडे बघत होतास की. काचेतून तुझा चेहरा दिसला. असा, कारखान्यात पहिली मेंढी मारताना नव्या पोराचा होतो ना, तसा.” तो काठीने जमिनीवरची लोकर गोळा करत राहिला. “का मारलंस तेही कळलं. हरलो तर राहीन असं मीच बोललो होतो.”

“मग राहिला का नाहीस?” अडतीस वर्षांनी माझा आवाज चढला. “बोलला होतास ना तू! मी कप घालवला, तुझं हाड मोडलं, गावात तोंडाला काळं फासून घेतलं आणि तू तरी गेलासच!”

“अरे गाढवा,” मातियू म्हणाला, आणि त्याचाही आवाज चढला. “ते मी का बोललो होतो? सोमवार, मंगळवार, बुधवार, आठवडाभर तुझ्या शेजारी बसून जेवलो. वाटलं, आता म्हणेल, जाऊ नको. माझ्या बायकोलाही जायचं नव्हतं. तू एकदा तोंडाने म्हणाला असतास, तर त्या खाणवाल्यांना मी पत्रसुद्धा लिहिलं नसतं. रस्त्यावर दगड फोडले असते इथे. पण तुला बोलता येत नाही. तुला ठोकताच येतं.”

हॉलमध्ये कुणालातरी बक्षीस मिळालं, टाळ्या झाल्या. मी हाताने डोळे पुसले आणि हाताला लागलेला रस्सा डोळ्यांत गेला.

“मातियू,” मी म्हणालो, “उद्या जाऊ नको. थांब. आमच्याकडे थांब. मागची खोली रिकामी आहे.”

तो माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “सोमवारी सकाळी सातला मशीनवर बसायचंय, होआ. एक फेरी चुकली तर पाणी छातीत चढतं.”

रविवारी मीच त्याला विमानतळावर सोडायला गेलो. दोन तासांचा रस्ता, मेंढ्यांचे भाव, कॉलीनचा गुडघा, त्याच्या नातवंडांची नावं, सगळं बोलून झालं. आत जायच्या दारापाशी गर्दी होती. माणसं बॅगा ढकलत आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. त्याने पिशवी खाली ठेवली.

“काल काय म्हणालास ते अजून एकदा म्हण.”

“इथे?”

“इथेच. बोल.”

“जाऊ नको, मातियू,” मी म्हणालो. त्याने डोळे मिटले होते. “थांब इथे. जाऊ नको.”

“अजून.”

मी म्हणालो. शेजारची एक बाई वळून बघायला लागली, तरी म्हणालो. मग त्याने पिशवी उचलली आणि तो आत गेला.