पुन्हा स्टिअरिंगवर

दारूपायी एका बस ड्रायव्हरच्या हातून गाडी गेली होती. चार महिने तो घरी राहूनच आठवड्यातून तीनदा व्यसनमुक्ती केंद्रात यायचा, तपासणी करून घ्यायचा, गटात बसून बोलायचा. आज समुपदेशक बाईंनी भर गटात डेपोचं पत्र वाचलं.

"उद्यापासून सकाळी सातची फेरी तुमची! इथली हजेरी मात्र चुकवायची नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याला आनंदाने काय करू अन् काय नको असं झालं. धडाधड जिना उतरत त्याने बायकोला फोन लावला.

"अगं, गाडी मिळाली!"

ती लगेच म्हणाली, "पहिल्या फेरीला मी येणार. अगदी तुमच्या मागच्या सीटवर."

"माझ्यावर लक्ष ठेवायला?"

"छे हो, मिरवायला!"