ग्विलिम बसला की तापणारा रेडिएटर

विल्फ ट्रॅन्टरच्या बोटीत त्या नोव्हेंबरात दोन ऋतू एकदम नांदत होते. पुढच्या बैठकीच्या खोलीत, जिथे डिझेलची शेगडी होती, तिथे माणूस बनियनवर यायचा. आणि तिथून चाळीस फूट मागे, झोपायच्या खोलीत, दात वाजायचे. शेगडीच्या पाठीशी पाणी तापायचं, तांब्याच्या पाइपातून बोटीच्या कडेकडेने मागे जायचं, तिथला रेडिएटर तापवायचं आणि गार होऊन खालच्या पाइपाने परत यायचं. पंपबिंप काही नव्हता. गरम पाण्याने आपलं आपण चढत मागे जावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. तीन हिवाळे त्याने ती मुकाट्याने पुरी केली होती. यंदा मात्र ते शेगडीपाशीच ठिय्या मारून बसलं होतं.

नोरीन, म्हणजे विल्फची बायको, दहा दिवस थांबली. अकराव्या दिवशी, मंगळवारी, नाश्त्याला टोस्टवर लोणी लावता लावता ती म्हणाली, "शनिवारी रॉडनी व्हॅन घेऊन येतोय. मी बॅनबरीला आयव्हीकडे चाललेय. मार्चपर्यंत."

आयव्ही ही नोरीनची बहीण, रॉडनी तिचा मुलगा. तिच्या फ्लॅटमध्ये बटण दाबलं की सगळ्या खोल्या ऊबदार होत. कालव्यावरून 'मार्चपर्यंत' म्हणून गेलेल्या दोन बायका विल्फने पाहिल्या होत्या. मे उजाडला तेव्हा दोघींच्या बोटींवर 'विकणे आहे'ची पाटी होती. मुळात बोटीवर राहायची हौस त्याची. नोरीन आपलं भांडी घडवायचं चाक आणि मातीची पोती घेऊन त्याच्यामागे आली होती, ती केवळ त्याच्यावरच्या मायेने, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तोंडाने मात्र त्याने ते कधी कबूल केलं नव्हतं.

"शनिवारच्या आत दुरुस्त करतो," तो म्हणाला.

"हे तू गेल्या सोमवारी म्हणालास."

"तेव्हा माझ्याकडे पुरेशी नोंद नव्हती."

तीस वर्षं घरोघरी गॅसचे मीटर वाचून विल्फ निवृत्त झाला होता. आकडा टिपला की निम्मं काम झालं, असं त्याचं ठाम मत होतं. नोरीन म्हणायची, "विल्फ, मला थंडी वाजतेय रे, काहीतरी कर." की हा उठायचा, रेडिएटरवर हात ठेवायचा, मग थर्मामीटर लावायचा आणि वहीत लिहायचा : सकाळी आठ, अकरा अंश. पुढच्या दोन दिवसांत त्याने डिझेलची गाळणी बदलली, रेडिएटरमधली हवा काढली, सगळं पाणी उपसून नवं भरलं. पाइपावर लाकडी हातोडी मारून त्याने कान लावला. पाइप डॉक्टरसमोर बसलेल्या हट्टी मुलासारखा गप्प राहिला.

कालव्यावर बोट नादुरुस्त झाल्याची बातमी लपत नाही. आणि तिथल्या माणसांना आडनावं नसतात, बोटीचं नाव हेच आडनाव. बुधवारी दुपारी 'सेंट डेव्हिड'चा ग्विलिम हजर झाला. जहाजावर इंजिनियर होता, वजन एकशेतीस किलो, आणि मतं त्याहून जड. त्याच्यामागे 'ब्लॅक बेस'ची प्रू. ती कोळशाची आणि डिझेलची बोट घेऊन पंधरवड्याने फिरते आणि गिऱ्हाइकाला मालाबरोबर सल्ला फुकट देते. विल्फला ग्विलिम डोळ्यांसमोर नको असायचा. पण शनिवार तीन दिवसांवर आला होता.

दोघं पुढच्या खोलीत, शेगडीच्या दोन बाजूंना ऐसपैस बसली. चहा आला, बिस्किटं आली.

"पाइपाला गाळ धरलाय," ग्विलिम म्हणाला.

"गाळ कसला, राजा," प्रू म्हणाली, "धुराडं चोंदलंय. मी शंभर पाहिलीत."

"तू कोळसा विकतेस. मी जहाजं चालवलीत."

"मग हे चालवून दाखव की!"

अर्धा तास ही जुगलबंदी चालली. कोणी बिस्किटाखेरीज कशाला हात लावला नाही. आणि मागून नोरीनची हाक आली, "अरे! तापला! रेडिएटर तापला!"

विल्फ धावला. वही उघडली : चार वाजून दहा मिनिटं, एकतीस अंश. तो परत आला तेव्हा ग्विलिम पोटावर हात ठेवून बसला होता. "मी सांगितलं ना," तो म्हणाला. नेमकं काय सांगितलं होतं ते कोणालाच आठवेना. पाहुणे गेले. सहा वाजता रेडिएटर पुन्हा थंडगार.

गुरुवारी हेच. ग्विलिम आला, बसला, आपल्या पूर्वीच्या जहाजाच्या बॉयलरची लांबलचक हकिगत सांगितली, आणि मागे तीस अंश. तो उठून गेला, आणि बारा. रात्री कानटोपी घालून झोपताना विल्फ मनातल्या मनात जळत होता. आपण तीन दिवस पाना घेऊन लोळावं आणि या ढेरपोट्याने नुसतं बूड टेकलं की पाणी पळत सुटावं, हा कुठला न्याय? तरी शुक्रवारी सकाळी तो स्वतः जाऊन म्हणाला, "ग्विलिम, आज जेवायलाच ये. मटणाचा पाय भाजतोय."

"तू? मला? बरा आहेस ना?"

"ये रे बाबा. लवकर ये. आणि घाई करू नकोस."

ग्विलिमने खरोखरच घाई केली नाही. दुपारी एकला आला तो पाचपर्यंत बसला. तीनदा वाढून घेतलं, सॉस बशीतून पुसून खाल्ला. नोरीन कांदे सोलायच्या टेबलाशी उभी होती आणि मागे झोपायची खोली मस्त ऊबदार झाली होती. शेवटी ग्विलिम उठला, टोपी घातली, पुढच्या दारातून काठावर उतरला. बोट किंचित हलली. टेबलावरचा एक कांदा आपणहून निघाला, गडगडत मागच्या बाजूला गेला आणि जमिनीवर पडून झोपायच्या खोलीच्या दारापर्यंत पोचला.

नोरीनने तो उचलला. टेबलाच्या पुढच्या टोकाला ठेवला. कांदा पुन्हा मागे निघाला. आयुष्यभर चाकावर माती फिरवलेली बाई ती. एखादी वस्तू सपाट आहे की नाही हे तिला कळायला थर्मामीटर लागत नव्हता.

"विल्फ," ती म्हणाली, "माझी माती कुठे आहे?"

विल्फने आधी चष्मा पुसला.

"मातीची चोवीस पोती बोटीच्या नाकाशी, पुढच्या कप्प्यात होती. कुठे आहेत?"

"मागे. इंजिनापाशी."

"केव्हापासून?"

"सप्टेंबर."

"का?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. उन्हाळ्यात, चारचौघांत, ग्विलिम म्हणाला होता की विल्फची बोट डुकरासारखी नाक खुपसून चालते. ते विल्फला झोंबलं. नोरीन बाजारात भांडी विकायला गेलेली असताना त्याने तीनशे किलो माती मागे नेऊन टाकली. नाक दिमाखात वर आलं. त्याबरोबर शेगडी वर उचलली गेली आणि मागचा रेडिएटर खाली बसला. पाणी चढत जायचं ते उताराला लागलं, आणि गरम पाणी उतार कधी उतरत नाही. ग्विलिम पुढे येऊन बसला की तेवढा वेळ त्याच्या वजनाने नाक पुन्हा खाली जायचं. सप्टेंबरात शेगडी पेटलेलीच नव्हती, त्यामुळे नोव्हेंबरातला बिघाड त्याने मातीशी जोडलाच नव्हता. हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तांत्रिकदृष्ट्या पाहता यंत्रणेत दोष नाही."

"दोष यंत्रणेत नाहीच आहे," नोरीन म्हणाली आणि कपाटातून बॅग काढायला गेली.

शनिवारी उजाडताच विल्फ कामाला लागला. एकेक पोतं साडेबारा किलोचं. मागच्या दारातून काढायचं, काठावरच्या चिखलातून सत्तावन्न फूट चालायचं, पुढच्या कप्प्यात रचायचं. प्रूने आपल्या बोटीवरून ओरडून विचारलं, "राजा, घर बदलतोयस की बायको?" विल्फ पुढच्या पोत्याकडे वळला. गुडघा कुरकुरत होता, सदरा घामाने भिजला होता, आणि हातांची आग आग होत होती. दहाच्या सुमारास चोविसावं पोतं पडलं आणि त्याच वेळी रॉडनीची व्हॅन पुलाशी येऊन थांबली.

विल्फ धापा टाकत मागच्या खोलीत घुसला. नोरीन कोट घालून पलंगाच्या कडेवर बसली होती, बॅग शेजारी. त्याने रेडिएटरला थर्मामीटर लावला.

"त्रेचाळीस!" तो ओरडला. "नोरीन, त्रेचाळीस अंश! झालं! आता जायचं काही कारणच नाही!"

"दिसतंय मला."

"मग?"

"मग काय मग?" नोरीनचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "दोन आठवडे मी सांगतेय, मला थंडी वाजतेय. प्रत्येक वेळी तू उठून त्या लोखंडावर हात ठेवलास. एकदा तरी माझ्या पायांवर ठेवलास? एकदा तरी बघितलंस मी किती गारठलेय ते? त्याची नोंद नाही कुठे!"

विल्फने थर्मामीटर खिशात टाकला. मग तो कुरकुरत्या गुडघ्यावर खाली बसला, तिचे बूट काढले, लोकरीचे मोजे काढले, आणि तिची दोन्ही पावलं चिखलाने माखलेल्या ओंजळीत घेतली.

"अगं, बर्फ झालेत हे," तो म्हणाला. त्याला रडूच फुटलं. "कधीपासून गं?"

"सप्टेंबरपासून," नोरीन नाक ओढत म्हणाली.

दारात रॉडनी व्हॅनची किल्ली खेळवत उभा राहिला. त्याने खाली बसलेल्या विल्फकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. "मावशी, निघायचं ना? पुलावर फार वेळ गाडी लावू देत नाहीत."

नोरीनने पाय काढले नाहीत.

"लाव दुसरीकडे," ती म्हणाली. "याचे हात आत्ता कुठे गरम झालेत."