तंगडीच्या सोडतीत मोजलेली मतं

एक विचारतो. माणसानं नावानिशी लिहून दिलेलं मत खरं मानावं, की ते लिहिताना अडखळलेला त्याचा हात? तुम्ही लिहिलेलंच मानाल. सगळेच मानतात. मी मात्र हाताखाली राहिलेला आहे.

मी चिमट्याचा पुठ्ठा बोलतोय, परीक्षेला नेतात तसला. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, डोंगरापलीकडच्या एका लहान गावात वेंडेल क्राउचचं चारा-दाण्याचं दुकान आहे. तिथल्या खिळ्यावर माझी एकोणीस वर्षं गेली. धंद्यातला पहिला धडा मला तिथंच मिळाला. एकदा वेंडेलनं येईल त्याला विचारलं, "बिनऔषधाचं, महागातलं कोंबडखाद्य आणू का?" एकतीस जण "आण की" म्हणाले. तीस पोती आली, चार खपली. बाकीची उंदरांनी आवडीनं खाल्ली. मी शिकलो. वेंडेल शिकला नाही.

पुढं राज्यानं परवानगी दिली, की चित्त हलवणारी, आजवर बंदी असलेली भूछत्रं जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, केंद्रात बसून घ्यायला हरकत नाही. कोलीन नावाच्या नर्सला आमच्या गावात, दातांच्या बंद दवाखान्यात, असं केंद्र काढायचं होतं. पण आधी गावाचं मन कळावं म्हणून तिनं प्रश्नांचे कागद छापले आणि वेंडेलच्या हवाली केले. बजावून सांगितलं, "नाव विचारायचं नाही. आणि एकेकाला बाजूला बसवून भरून घ्यायचं."

वेंडेल म्हणाला, "फुकट कागद कोण भरतं, बाई?" आगीच्या बंबखान्यात सगळं गाव पॅनकेक खायला जमतं, त्यानं त्या न्याहारीचा दिवस धरला आणि डुकराच्या धुरी दिलेल्या तंगडीची सोडत लावली. सोडत म्हटली की नाव आलं. प्रत्येक कागदावर नावाची ओळ आली, आणि लांबलचक टेबलावरून, पॅनकेकवरच्या पाकानं चिकट झालेला मी, हातोहात फिरू लागलो.

लाईल अमंडसनच्या हातात आलो. लाकडाच्या गिरणीतला माणूस. त्याची बायको नॅडीन कॅन्सरनं आजारी होती. दुखणं गोळ्यांनी थांबे, मरणाची धास्ती थांबत नसे. या भूछत्रांनी काहींची धास्ती उतरते, असं तिनं वाचलं होतं. सगळ्यात जवळचं केंद्र घाटापलीकडं पाच तासांवर, आणि तिला गाडीत अर्धा तास बसवत नव्हतं.

लाईलनं 'पाठिंबा'पुढं खूण केली. अशी दाबून, की माझ्यात खड्डा पडला.

शेजारी त्याचा मेव्हणा नॉरिस, चर्चच्या मंडळातला. "काय रे, कादंबरी लिहितोस का? पुढं सरकव."

"सरकवतो."

लाईलनं खोडरबर फिरवला आणि 'सक्त विरोध'पुढं खूण केली. ती मला जेमतेम जाणवली. मग नॉरिसनं मला घेतलं. त्याचीही पेन्सिल बराच वेळ 'पाठिंबा'वर घुटमळली. त्यानं लाईलच्या कागदाकडं तिरपं पाहिलं आणि तशीच खूण केली.

शंभरात एक्क्याऐंशी विरोधात. कोलीननं आकडा वाचला, दवाखान्याची किल्ली मालकाला परत केली आणि दुसऱ्या गावी नोकरी धरली.

तंगडी लाईललाच लागली. ती न्यायला आला तेव्हा नॅडीनही डोक्याला रुमाल बांधून सोबत आली.

"किती जण नको म्हणाले, वेंडेल?"

"एक्क्याऐंशी, नॅडीन. मलासुद्धा नवल वाटलं."

"आणि हो म्हणणारे?"

"बारा. सात जणांनी काहीच लिहिलं नाही."

ती हसली. "म्हणजे लाईल, त्या बारांतला एक तू. बाकीचे अकरा कोण, ते शोधायला हवं. चहाला बोलावू त्यांना."

लाईल म्हणाला, "जड आहे गं, दार धर," आणि तंगडी उचलून बाहेर गेला.

नॅडीन एप्रिलमध्ये गेली. शेवटचे आठवडे ती भरदिवसाही कुणाला खोलीबाहेर जाऊ देत नव्हती, हे नॉरिसनंच वेंडेलला सांगितलं. लाईल अजून कुत्र्याचं खाणं न्यायला येतो. मी टांगलोय त्या भिंतीकडं पाहत नाही. वेंडेल अजून गिऱ्हाइकांना सांगतो, "आमचं गाव एकदिलाचं."

वेंडेल वाईट नाही, लाईलही नाही. त्या टेबलावर कुणीच वाईट नव्हतं, आणि मला तेच सोसवत नाही.

तुमच्यावर कधी लोकांचं मन मोजायची वेळ आली, तर एवढं करा. आकड्याखाली लिहून ठेवा: कुठं विचारलं, नाव घेतलं का, शेजारी कोण बसलं होतं. तेवढं लिहिल्याशिवाय हिशेब पुरा झाला म्हणू नका.