गदा कोरलेला बिल्ला

मी एक पितळी बिल्ला बोलतो आहे. आज मी देवळाच्या घंटेत वितळलेला आहे. बिल्ला होतो तेव्हा मला आवाज नव्हता. म्हणून हे सांगणे इतके उशिरा.

माझा जन्म २०१६ च्या डिसेंबरातला. मोठ्या नोटा अचानक रद्द झाल्या होत्या. संत्री झाडावर पिकून उभी होती आणि तोडणाऱ्यांना द्यायला गावात रोकड नव्हती. छिंदवाड्याकडच्या रामाकोन्याच्या वाटेवर नत्थूजींची चारशे झाडांची बाग आहे. त्यांनी घरातली फुटकी घागर पांढुर्ण्याच्या तांबटाकडे नेली आणि तिचे साठ गोल तुकडे करून आणले. एका बाजूस मारुतीची गदा, दुसऱ्या बाजूस अक्षरे : ‘एक रोज’. म्हणजे एका दिवसाची मजुरी, दोनशे रुपये.

गदेमागे विचार होता. जिच्यावर गदा आहे ती वस्तू या गावात कोणी खोटी पाडणार नाही, पायाखाली येऊ देणार नाही. नत्थूजी भाविक, दर शनिवारी मारुतीला तेल वाहणारे. खोटेपणाचा मोह परक्यालाच होतो, अशी त्यांची श्रद्धा होती.

त्या हिवाळ्यात मी पुण्याचे काम केले. नत्थूजींच्याच किराणा दुकानात मला देऊन बाया तेल, डाळ, मीठ नेत. पुढे चक्कीवाल्याने मला घेतले, न्हाव्याने घेतले. माझ्यामुळे चुली पेटल्या. मला अहंकार झाला, हे मी लपवीत नाही.

होळीपर्यंत नव्या नोटा गावात आल्या. माझे काम संपले होते. पण मजुरी माझ्यातच मिळत राहिली. बिल्ल्यावर ‘एक रोज’ तसेच होते. दुकानातले तेल मात्र महाग होत गेले. बिल्ले कमी पडले तेव्हा घरात दुसरी घागर नव्हती. डब्यांच्या झाकणांचा पत्रा पुरला. त्यावरही गदाच उमटली. ती उमटविणारा हात परका नव्हता.

नत्थूजींचा भाचा वीरेंद्र पांढुर्ण्याला अर्थशास्त्र शिकवतो. एका दुपारी तो दुकानात बसला होता.

“मामा, मजुरी रुपयात देत जा आता.”

“कावून? ही बाग म्हंजे एक लहानसा देशच हाय. देशाले आपलं चलन पाह्यजे.”

“पनामा, इक्वेडोर लहानच देश हायेत. अमेरिकेचा डॉलर वापरून राहिले. बुडाले नाहीत.”

“अन् त्याइच्या राजाची इज्जत?”

“ते मले नाही माहीत. पण त्या राजाले डब्याचं झाकण कापता येत नाही.”

नत्थूजींनी तराजू खाली ठेवला. “नोटा बंद झाल्या तवा तुह्या रुपयानं कोणाची चूल पेटवली रे? अडीअडचणीले आपलंच कामी येते. परकं चलन इथं चालणार नाही.”

त्या हिवाळ्यापुरते मामांचे खरे होते, हे वीरेंद्रने कबूल केले. आणि भारताचा रुपया रामाकोन्यात परका ठरला, तरी दुकानात कोणाला हसू आले नाही.

केसरबाई या बागेतली जुनी मजूर. तिची मुलगी पुष्पा हिला छिंदवाड्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. पहिला हप्ता आठ हजार. भरायला वीस दिवस. केसरबाईजवळ एकेचाळीस बिल्ले साठले होते. ती गाठोडे घेऊन मालकाकडे आली.

“याचे पैसे करून द्या, मालक.”

“दुकानातून सामान ने ना.”

“कॉलेजवाले डाळ नाही घेत, मालक.”

“नगदीत एकशेवीस पडतीन एकाचे.”

“लिवलं तर एक रोज हाय!”

“सामानाचा भाव वेगळा, नगदीचा वेगळा. तू कायले डोकं लावतं?”

तिने गाठोडे उचलले. शनिवार होता. ती सरळ देवळात गेली आणि तिने गाठोड्यातून मला एकाला काढून दानपेटीत टाकले. “मारुतीराया, तुह्या गदेची किंमत तूच ठरव,” एवढेच बोलली. यात डावपेच नव्हता; नवस होता. आत पाहिले तर मी एकटा नव्हतो. गदा आहे म्हणून बाया कित्येक महिने बिल्ले देवाला वाहत होत्या. पितळी, पत्र्याचे, सगळे.

पुढच्या शनिवारी पेटी सर्वांसमोर उघडली. सत्तावीस बिल्ले निघाले. देवळाच्या समितीचे अध्यक्ष गुणवंताजी वहीत हिशेब लिहीत होते. नत्थूजी तेलाची वाटी घेऊन उभेच होते.

“नत्थूजी, याचे नगदी किती लावू?”

नत्थूजींनी मूर्तीकडे पाहिले. “दोनशे. दुसरं काय?”

पायरीवरून केसरबाई म्हणाली, “देवाले दोनशे, अन् मले एकशेवीस? मंग माह्ये चाळीसही पेटीत टाकतो बाप्पा. देवापासून उसने घेईन.”

“टाक वो, टाक!” तिच्यासोबत संत्री तोडणारी देवकाबाई हसली. “माह्ये बारा हायेत, तेही घेऊन जा.”

सगळे देऊळ हसले. नत्थूजी हसले नाहीत. देवाचे कमी करता येत नव्हते, आणि देवाइतके दिल्यावर माणसाचे कमी करायला तोंड उरले नव्हते. सोमवारी केसरबाईला आठ हजार मिळाले. मुदतीला दोन दिवस उरले असताना पुष्पा सौंसरहून बसने छिंदवाड्याला गेली.

तेव्हापासून बागेत मजुरी रुपयात मिळते. गेल्या वर्षी बहर गळाला. नत्थूजींजवळ रोकड नव्हती. पंधरा दिवस फाटक बंद राहिले. देवकाबाई कुरकुरली, “बिल्ला असता तर काम तरी भेटलं असतं.”

“भेटलं असतं,” केसरबाई म्हणाली, “अन् तेल कोणत्या भावानं भेटलं असतं?”

दोघींच्याही घरी त्या दिवसांत एकच वेळ स्वयंपाक होता.

आम्ही पितळी भावंडे वितळून ही घंटा झालो. तिच्यावर कोरले आहे : ‘नत्थूजी यांजकडून सप्रेम अर्पण.’ पत्र्याचे बिल्ले भंगारात गेले. त्यांवर कोणाचे नाव नव्हते.

लहान देशाने कोणाचे चलन घ्यावे, ते शहाण्यांनी ठरवावे. माझी विनंती थोडी आहे. ठसा ज्याच्या हाती असेल, त्याला आधी एका शनिवारी देवळात उभे करा, आणि पेटी सर्वांसमोर उघडा.

नत्थूजी अजून दर शनिवारी येतात. मला जोरात वाजवतात. मग केसरबाई येते आणि हळूच दोरी ओढते. मी दोघांना सारखाच आवाज देतो.